डावं कोपर

बेसबॉलच्या सामन्यात पाचव्या डावात पिचरच्या हातातून चेंडू निसटला आणि थेट फलंदाज बांग दो-सिकच्या डाव्या कोपरावर बसला. दो-सिक धाडकन खाली पडला, गडबडा लोळला. अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं.

चेंडू टाकणाऱ्या पिचरनं, ताक ग्यू-जिननं, लगेच टोपी काढली आणि कमरेत वाकला. फलंदाजाला चेंडू लागला की पिचरनं टोपी काढायची, ही इथली रीतच. पण ग्यू-जिन जरा जास्तच वाकला. दो-सिक आता समोरच्या संघात असला, तरी गुन्सानच्या शाळेत त्याच्या दोन वर्षं पुढे होता. चेंडू बोटांत कसा धरायचा, ते त्यानंच शिकवलेलं. दो-सिकनं मात्र त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. कोपर धरून तो लंगडत, चेंडू लागल्यामुळे फुकटात मिळालेल्या पहिल्या बेसवर गेला. कोपराला लागल्यावर माणूस लंगडतो कशाला, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

खेळ तसा दोन पिचरांचाच चालला होता. तिकडून त्यांचा डोमिनिकन पठ्ठ्या कुणाला धाव घेऊ देत नव्हता, इकडून ग्यू-जिन. सात डाव झाले तरी फलकावर दोन्हीकडे शून्य. चौतिशीतला ग्यू-जिन जीव तोडून टाकत होता. सकाळीच कोचनं सांगितलं होतं, "आज जिंकलास तर राहशील. नाहीतर उद्यापासून दुसरा संघ." या वयात खालच्या, राखीव खेळाडूंच्या दुसऱ्या संघात गेलेला पिचर वर परत येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आठव्या डावात दोघं बाद झाले आणि पुन्हा दो-सिक आला. चेंडू जिच्यावरून जायला हवा त्या प्लेटला अगदी खेटून उभा राहिला, कोपर पुढे काढून. प्लेटमागे चेंडू झेलायला बसलेल्या कॅचर माएंगनं खूण केली : आत टाक, अंगाजवळ. ग्यू-जिननं मान हलवली. पुन्हा तीच खूण, पुन्हा नकार. माएंग तणतणत त्याच्याकडे आला.

"अरे, चिकटून उभा आहे तो! आत टाकलास की मेला."

"पुन्हा लागला तर?"

"लागू दे की! सोयरा आहे का तुझा?"

"दादा आहे रे."

"दादा गेला खड्ड्यात! उद्या तुझी बॅग कोण भरणार, दादा?"

माएंग परत जाऊन बसला. ग्यू-जिननंही आतच टाकायचं ठरवलं. पण हात वर गेला आणि डोळ्यांपुढे तो लोळणारा माणूस आला. चेंडू बाहेरच्या बाजूला गेला. दो-सिक त्याचीच वाट बघत होता. पाय पुढे टाकून त्यानं असा सणसणीत हाणला, की चेंडू उजवीकडच्या कुंपणापार गेला.

शेवटच्या, नवव्या डावात डोमिनिकननं ग्यू-जिनच्या संघातल्या तिघांनाही गुंडाळलं. एक-शून्य.

"छान टाकलंस," कोच जाता जाता म्हणाला. "बॅग भर."

मोठ्यांना लागलं तर जाऊन विचारायचं, हीसुद्धा रीतच. ग्यू-जिन मैदानाच्या कडेला गेला. दो-सिक तिथं मुलाखतीसाठी उभा होता.

"दादा, कोपर कसं आहे?"

दो-सिक क्षणभर गोंधळला. मग तोंड वाकडं करून उजवं कोपर चोळू लागला. "ठणकतंय रे अजून. पण तू मनाला लावून घेऊ नकोस."

ग्यू-जिन त्या उजव्या कोपराकडे बघत राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात निवेदिकेनं माइक पुढे केला आणि दो-सिकचा आवाज स्टेडियमभर घुमला.

"ग्यू-जिन माझ्या शाळेतला. आज काय टाकलंय पोरानं! एवढा मोठा पिचर, पण मोठ्यांचा मान राखतो. असे संस्कार आता कुठे बघायला मिळतात?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे ग्यू-जिनकडे बघत होते. डावं होतं, डावं, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. पण हात आपसूक वर गेला, टोपी निघाली आणि तो कमरेत वाकला.