खंडेनवमीची कानस

युसुफभाईने रेवा घोडीचा मागचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि प्रतापसिंहरावांनी उगाच खोकून तोंड दुसरीकडे वळवलं. धाकधूक होतीच. पण ते कुणाला दिसू देतील तर ते प्रतापसिंहराव कसले!

प्रश्न मागच्या दोन खुरांचा होता. त्यांच्या घरी घोड्याच्या पुढच्याच पायांना नाल मारायचे. मागचे पाय मोकळे, आणि त्यांचे खूर घरच्या माणसाने कानशीने तासायचे, ही जुनी रीत. पण उद्या दसरा. रेवा दांडिया बाजारातल्या देवीच्या पालखीपुढे चालायची होती आणि छाणीच्या घरापासून तिथवर सगळा डांबरी रस्ता. मुलाचं, रणवीरचं म्हणणं साधं होतं. आबासाहेबांचा हात आता थरथरतो, खूर वाकडे तासले जातात, एक दिवस घोडी लंगडायला लागेल. चारही पायांना नाल ठोकून टाकावेत आणि कानस कायमची पेटीत ठेवावी. बापलेकांचं जमेना, तेव्हा शेवटी युसुफभाई म्हणेल ते मान्य, असं ठरलं होतं.

मांडवीचा हा नालबंद तोंडदेखलं बोलणारा नव्हता. त्याने खुराच्या कडेवरून अंगठा फिरवला, एक डोळा मिटून टाचेकडून पाहिलं, मग दुसरा पाय उचलून तेच केलं.

"रणवीरभाई, खिळे पेटीतच राहू दे," तो म्हणाला. "एकदम सरस काम छे. दोन्ही बाजू बराबर. साहेब, या उमरमध्ये असा हात?"

"उमर गुडघ्याला झाली युसुफभाई, हाताला नाही," प्रतापसिंहराव म्हणाले आणि मिशीवरून पालथी मूठ फिरवली.

"हरलो, आबासाहेब," रणवीर हसत म्हणाला. स्वारी इतकी खूश झाली, की दसऱ्याची फाफडा-जलेबी आजच मागवा, म्हणून त्यांनी बायकोला, कमळाबाईंना अंगणातूनच हाक दिली.

मग त्यांना आपलं काम आपणही एकदा डोळे भरून पाहावंसं वाटलं. चष्मा लावून ते वाकले. रेवाने शहाण्यासारखा पाय दिला.

कानशीचे ओरखडे उलट्या बाजूला उतरत होते.

त्यांनी पुन्हा पाहिलं. मागच्या खेपेला आतली कड जरा उंच राहिली होती. हात ऐकेना, म्हणून ते तशीच टाकून, काम झाल्यासारखे गुणगुणत घरात गेले होते. ती कड आता सपाट होती. उजव्या हाताच्या माणसाची कानस अशी चालत नाही आणि घरात डाव्या हाताचं माणूस एकच होतं.

अवंती, रणवीरची बायको, ओट्यावर खंडेनवमीच्या पूजेची मांडामांड करत होती. पाटावर तलवार, कट्यार, भाल्याचं पातं आणि त्यांच्याच रांगेत खूर तासायची सुरी अन् कानस. ती डाव्या हाताने तलवार पुसत होती. त्या हाताची बोटं सांध्यांवर सोलवटली होती.

"सूनबाई, पूजेचं आहे. उजवा हात," कमळाबाई शेजारून म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून हे त्या म्हणतच होत्या.

प्रतापसिंहराव रेवाचा पाय धरून तसेच राहिले. गप्प बसले असते तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. नाव त्यांचंच राहिलं असतं, कानसही त्यांच्याच हाती. कानाच्या पाळ्या तापल्या. पण नजर पुन्हा त्या खुरावर गेली आणि लाज बाजूलाच राहिली. असा खूर तर त्यांच्या भरातल्या दिवसांतही क्वचितच उतरला होता!

"सूनबाई, इकडे या."

अवंती पदराला हात पुसत आली. ते खुराकडे बघत होते, एवढ्यावरून ती समजली.

"कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, आबासाहेब," ती हळूच म्हणाली. "तासताना तुम्ही रेवाशी बोलता ना, आता टाच उतरवतो, आता कड गोल करतो. मी इथे भाजी निवडत ऐकायचे. मग तुम्ही आत गेलात, की राहिलेलं तेवढं करायचे."

"राहिलेलं!" प्रतापसिंहराव इतक्या मोठ्याने हसले, की रेवाने कान टवकारले. "युसुफभाई, ऐकलंत? हे पाय आमच्या सूनबाईंनी केलेत. मांडवीत जाऊन सांगा सगळ्यांना!"

रणवीर बायकोकडे बघतच राहिला. युसुफभाईने कपाळाला हात लावून अवंतीला सलाम केला.

पूजेला सगळे ओट्यावर जमले. जो जे शस्त्र चालवतो त्याने त्याला गंध लावायचं, असा घरचा शिरस्ता होता. प्रतापसिंहरावांनी तलवारीला लावलं, कट्यारीला लावलं, भाल्याला लावलं. कानशीपाशी आले आणि पाटासमोरून उठले.

"ही तुमची. तुम्ही लावा."

अवंती बसली. सवयीने तिने उजव्या हाताचं बोट गंधात बुडवायला घेतलं.

"तो नव्हे," ते म्हणाले. "ज्या हाताने चालवता, तो."

अवंतीचा डावा हात उचलला गेला आणि अधांतरीच थांबला. तिने कमळाबाईंकडे पाहिलं.

 कमळाबाईंनी गंधाची वाटी अवंतीच्या उजवीकडून उचलली आणि तिच्या डावीकडे ठेवली.