झाकलेली बरणी

उत्तरा गच्चीवर पोचली आणि बरणी बघून जागीच थबकली.

आता त्या वस्तीचं काय सांगावं? शेजारच्या वीजघराच्या चिमण्या इतक्या उंच, की नागपूरच्या घारी अर्ध्या वाटेत दम खायला बसायच्या. सकाळी पांढरी गाय चरायला जायची आणि संध्याकाळी म्हैस होऊन परत यायची. तरी वीजघरवाले म्हणत, राख वरच्या वर उडून जाते, इथं पडत नाही. उत्तरा हवेचं रसायनशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, पडते, मोजून दाखवते. म्हणून होळीपासून रुखमाबाईच्या गच्चीवर उघड्या तोंडाची ही काचेची बरणी ठेवलेली. आज तिचे साहेब, वामनराव, स्वतः ती न्यायला आले होते. बरणी रिकामी निघाली तर तुमचं संशोधन आजपासून बंद, असं त्यांनी गाडीतच सांगून टाकलं होतं.

आणि बरणीच्या तोंडाला धोतराचं फडकं. सुतळीनं घट्ट आवळलेलं.

"मावशी, हे कोणी बांधलं?" तिनं मागून आलेल्या रुखमाबाईला विचारलं.

"म्याच बांधलं वं. पापडावर घालतो ना, तसं. तू एवढी जपून ठेवून गेली, अन् मी तिच्यात राख पडू देईन काय?"

उत्तरानं सुतळी सोडली. तळ लख्ख. तिनं बरणी उन्हात तिरपी करून पाहिली, बोट घालून पाहिलं. बोटही लख्ख.

"तोंड काहून उतरलं तुयं? एक कण नाई पडू देला."

खालून वामनरावांची हाक आली, "बाई, किती वेळ?"

रुखमाबाईनं रोजच्या सवयीनं फडकं उचललं आणि कठड्याबाहेर झटकलं.

"मावशी, थांबा," उत्तरा धावली.

खाली सगळं अंधारून आलं. राख विरली तेव्हा साहेबांच्या पांढऱ्या अँबेसिडरच्या जागी एक करडी गाडी होती आणि तिला टेकून एक करडा माणूस खोकत होता.

"कालचीच हाय जी," रुखमाबाई वरून म्हणाली. "रोजच्या रोज झटकतो आम्ही."

वामनरावांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग चिमण्यांकडे. मग वर, उत्तराकडे.

त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

"बरणी आणा," ते म्हणाले. "अहवालात बरणीतलंच लिहायचं असतं."