बरी झालेली माती

थोरल्या जाऊबाईंनी आपल्या विहिरीच्या पाण्याचा पेला रोहिणीपुढे धरला. पाण्यात काय मिसळलंय नि ते कुठून झिरपत आलं ते सांगणारे हे पेले आता घरोघरी होते. काठावर लाल अक्षरं उमटली: ‘मोरचूद. वरची द्राक्षबाग.’

वरची बाग रोहिणीचीच.

“फवारणी तर तू कधीच सोडलीस ना गं?”

सोडली होती. जुन्या फवारण्यांतलं मोरचुदाचं विष निघून जावं म्हणून तिनं शेणागुळाचं जीवामृत पिंपं भरभरून ओतलं. माती शुद्ध ठरली, तेव्हा गावभर पेढे वाटले. विष गेलं कुठे, हे मात्र विचारलंच नव्हतं. मातीला चिकटलेलं मोरचूद त्याच काळसर पाण्याच्या पाठीवर बसून खालच्या विहिरीत उतरलं होतं.

आत जाऊबाईंची लेक ईश्वरी कण्हत होती. तिचं यकृत सुजलं होतं.

“पेढे वाटत हीच धावली होती,” जाऊबाई म्हणाल्या, “‘काकूची माती बरी झाली’ म्हणत.”