पूर्णविरामानंतर

अमरावतीच्या पियुषने पीएचडीचा प्रबंध अकोल्याच्या एका टायपिंगवाल्याकडून तयारच करून आणला आणि न वाचताच गाइडच्या टेबलावर ठेवला. रिटायरमेंटला टेकलेल्या भगवंतराव सरांनी पानापानावर लाल गोल करून तो परत दिला. प्रत्येक गोलात एकच गोष्ट होती: पूर्णविरामानंतर एकाऐवजी दोन स्पेस.

"एवढ्या पानाइत बुढ्याले हेच दिसलं!" मित्रांना सांगताना पियुष पोट धरून हसला. कॉम्प्युटरवर एका झटक्यात सगळीकडे एकेक स्पेस करून तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला.

"घ्या सर, आता एकबी डबल स्पेस राह्यली नाही."

"टाइपरायटरच्या जमान्यातली सवय होय ते. आता कोनी नाही देत," म्हणत सर उठले. कपाटातून त्यांनी एक पिवळी पडलेली, जाडजूड प्रत काढली आणि धूळ झटकून त्याच्यापुढे उघडली.

पियुषने पानं चाळली. ओळ न् ओळ त्याच्याच प्रबंधातली होती, पूर्णविरामानंतरच्या दोन-दोन स्पेससकट.

"तुह्या थीसिसातल्या त काढल्या बाप्पा," सर म्हणाले, "आता माह्या थीसिसातल्या कशा काढशीन?"