खांब धरणारी

रानडुकरांनी लागोपाठ दोन वर्षं भुईमूग उकरून खाल्ला, तेव्हा हंबीररावांनी गडहिंग्लजच्या रानाला कुंपण घालायचं ठरवलं. गावातला लालासाब पुढं लोडर लावलेला आपला ट्रॅक्टर घेऊन आला. बाभळीचा टोकदार खांब उभा धरायचा आणि वरून लोडरच्या लोखंडी बकेटनं दाबून जमिनीत घालायचा, असं ते काम. पण बकेट डोक्यावर येताना बघितली आणि खांब धरलेले दोन्ही गडी मागं सरले.

भाकरी घेऊन आलेली लालासाबची बायको, कुलसुम, पदर खोचून पुढं झाली. तिनं दोन्ही हातांनी खांब धरला. लालासाबनं बकेट खाली घेतली. बकेट तिच्या बोटांच्या वर वीतभर अंतरावर अलगद टेकली आणि खांब सरळ खाली गेला. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. दिवस मावळेपर्यंत पन्नास खांब उभे राहिले.

पाण्याचा तांब्या तिच्यापुढं करत हंबीरराव म्हणाले, "भाभी, नवऱ्यावर लई इस्वास हाय की तुमचा."

"त्यांच्या हातावर हाय," कुलसुम म्हणाली. "त्यांच्याशी बोलणं आठ दिवस झालं बंद हाय."