हमाच्या विहीणबाई

सलमाचे फ्रॉक, पाटी, बाहुली, रिबिनी असं दिसेल ते लंकाबाईंनी पिशवीत कोंबलं. घरात पोरीचं काही म्हणून काही मागं राहायला नको होतं.

"आक्का, म्हातारी एवढ्या लांबून नातीला बघाया येती, आन् तू पोरगी हरसूलला धाडतीस. हे बरं नाय," भिमाजी म्हणाला. लंकाबाईंचा हा धाकटा भाऊ हरसूलला शेती करायचा.

"बघायला नाही, न्यायला येतेय."

"तारेत तसं लिवलंय का?"

"तारेत नुसतं येते एवढंच आहे. पण न्यायचं नसेल तर कोण येईल सीरियाहून नाशिकरोडला? तू नीघ. एस.टी. चुकेल."

सलमा भिमाजीचं बोट धरून उड्या मारत गेली. मे महिन्याची सुट्टी होती, तिला हरसूलचे आंबे दिसत होते. लंकाबाई दारापर्यंतसुद्धा गेल्या नाहीत.

त्यांची एकुलती एक यशोधरा पुण्यात नर्स होती. तिथं इंजिनिअर व्हायला आलेल्या नबीलशी तिनं लग्न केलं आणि त्याच्याबरोबर सीरियात हमा गावी संसार थाटला. तिच्या बाळंतपणाला लंकाबाई शाळेतून बिनपगारी रजा काढून गेल्या आणि विहिणीच्या घरी सहा महिने राहून आल्या. सकाळी ऑलिव्ह आणि गरम रोटी, दुपारी सगळ्या गल्लीनं झोपायचं, संध्याकाळी नदीवरच्या मोठमोठ्या लाकडी रहाटांची करकर ऐकत अंगणात बसायचं. ताटातलं सगळं संपवलं की विहीण पुन्हा ताट भरायची. शेवटी घासभर मागं ठेवायचं, हे लंकाबाई शिकल्या. मोडकंतोडकं अरबीही शिकल्या.

पुढं यशोधरा काविळीनं गेली. नबील तीन वर्षांच्या सलमाला घेऊन आला. "आई, मला कुवेतला नोकरी लागलीय. थोडे दिवस सांभाळा," म्हणाला. थोडे दिवस म्हणता म्हणता तीन वर्षं झाली. पोर लंकाबाईंनाच आई म्हणू लागली. नवरा गेल्यावर आणि लेक गेल्यावर लंकाबाई कशासाठी उठत होत्या, तर हिची वेणी घालायला.

यंदाच्या थंडीपासून नबीलचं पत्र नव्हतं. हमात काही दंगाधोपा झाल्याचं रेडिओवर ओझरतं ऐकू आलं होतं, पण नबील तर कुवेतला होता. लंकाबाईंनी ओळखलं. त्यानं दुसरं लग्न केलं असणार आणि आता पोर न्यायला आईला पाठवलं असणार. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पोरीवर कायद्यानं बापाचाच हक्क, असं कुणी तोंडावर सांगितलं असतं तर?

चार वाजता रिक्षा थांबली. विहीणबाई उतरल्या. अंगात लांब कोट, डोक्याला पांढरा रुमाल, हातात एकच बॅग. त्यांनी लंकाबाईंचे दोन्ही गाल चुंबले.

"नबील कसा आहे?" लंकाबाईंनी विचारलं.

"अल्हम्दुलिल्लाह," विहीण म्हणाली. देवाचे आभार. म्हणजे ठीकच चाललंय, असं लंकाबाईंनी धरलं.

त्यांनी मुद्दाम चहा केला, कॉफी नाही. हमाची रीत त्यांना ठाऊक होती. एकदा तिथं शेजारचे लोक मुलीला मागणी घालायला आले होते. कॉफीचा पेला समोर ठेवून बसले, ओठाला लावेनात. शेवटी घरातले थोरले म्हणाले, "प्या, मागाल ते दिलं." तेव्हा कुठं ते प्याले. दारी आलेल्याला नाही म्हणणं तिकडं शोभत नाही.

विहीणबाईंनी चहाचा कप घेतला, स्टुलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. चहावर साय धरली तरी त्या तशाच बसून होत्या. त्यांची नजर भिंतीवरून, कोपऱ्यातून, दाराबाहेर फिरून परत आली.

"चहा घ्या ना," एवढंसुद्धा लंकाबाईंच्या तोंडून फुटेना.

"उख्ती," विहीण म्हणाली. उख्ती म्हणजे माझी बहीण. "मी एक मागायला आलेय."

"सलमा गेली," लंकाबाई एकदम म्हणाल्या. "गोवर आला होता. होळीच्या सुमारास. तुम्हाला कसं कळवावं, कळेना."

त्यांनी पदर तोंडाला लावला. रडू खरंखुरंच आलं होतं.

विहीण उठून लंकाबाईंच्या शेजारी येऊन बसली. त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून तिनं कपाळावर ओठ टेकले आणि हमात मयताच्या घरी म्हणतात ते म्हणाली, "तू सुखरूप राहा. गेलेल्याची भरपाई त्यात होवो."

लंकाबाईंचे खांदे सैल पडले. सुटलं एकदाचं. आता ही दोन दिवस राहील, जाईल. पोर परत घरी येईल.

"नबीलला सांगा," त्या पुटपुटल्या. "म्हणावं, मी जपण्यात काही कमी केलं नाही."

"थंडीत नबील सुट्टीवर घरी आला होता," विहीण म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी बहिणीकडे दुसऱ्या गावी होते. दंगा मोडायला लष्करानं आमच्या गल्लीवर तोफा चालवल्या तेव्हा तो, त्याचे वडील, धाकटा, सगळे आतच होते. परत आले तर घर कुठं होतं तेही ओळखेना."

लंकाबाईंच्या तोंडावरचा पदर गळून पडला.

"मी पोरीला न्यायला नव्हते आले, उख्ती. नेणार कुठं? माझ्या रक्ताचं तेवढंच एक उरलं होतं. ती जिथं आहे तिथंच मलाही ठेवून घे, एवढंच मागायला आले होते."