शहापुरी लुगडं

इंग्रज देशातून कधी जाणार याची बेळगुंदी गावाला जेवढी घाई नव्हती, तेवढी नागोजीच्या दुसऱ्या लग्नाची होती. त्याची बायको जयाबाई वारून पावसाळाही उलटला नव्हता. तिनं हौसेनं आणलेल्या मधमाश्यांच्या पेट्या परसात होत्या आणि त्यांतला मध बेळगावात विकूनच आता घर चालत होतं.

सगळ्यात जास्त कळवळा दुर्गाआत्तीला. तिच्या जावेची पोर लग्नाची होती, हा निव्वळ योगायोग. "चुलीपाशी बाई पायजे रं," ती रोज येऊन सांगायची. "माश्या काय भाकरी थापून घालणार हाईत?"

नागोजी पेट्यांकडं निघून जायचा.

एका सकाळी आत्तीनं कुंपणावरून डोकावलं आणि ती जागीच थिजली. पेटीपाशी एक बाई वाकून उभी होती. अंगावर शहापुरी लुगडं, तोंडभर पदर. आत्तीनं सगळी आळी गोळा केली.

"वरीस सरलं न्हाय, आणि ह्यानं दुसरी आणून ठेवली! लाज हाय का न्हाय?"

कालपर्यंत लग्न कर म्हणणाऱ्या सगळ्यांना बिचाऱ्या जयाबाईची एकदम आठवण झाली.

गलका ऐकून बाईनं हातातलं पोळं हळूच पेटीत ठेवलं आणि पदर वर केला. आत नागोजीच्या मिशा होत्या.

"नुसता गेलो की माश्या अंगावर येत्यात," तो म्हणाला. "जयाबाईचं लुगडं अंगावर घेतलं की तिच्या वासानं गप बसत्यात."



त्यानं पदर पुन्हा तोंडावर ओढला. "दुसरी न्हाय गं आत्ती. पैलीच हाय ही."